जुन्या वळणाचं म्हणजे नक्की काय

‘बाबा एकदम ओल्ड स्कूल आहेत’ हे वाक्य आज पुण्या-मुंबईच्या घरांत मराठी वाक्य म्हणूनच बोललं जातं. बाबा पासबुक भरून आणायला बँकेत जातात, रेल्वेच्या तिकिटाची छापील प्रत खिशात ठेवतात, कुणाकडे जेवायला गेले की निघताना यजमानीणबाईंना आवर्जून सांगतात की आमटी छान झाली होती. हेच विशेषण न्हाव्याच्या दुकानाच्या पाटीवर दिसतं, तुपाच्या बरणीवर दिसतं आणि एखाद्या फलंदाजाने कोपर वर ठेवून कव्हर ड्राइव्ह मारला की समालोचकाच्या तोंडीही येतं. याला मराठीत काय म्हणायचं असं विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर ‘पारंपरिक’ किंवा ‘जुन्या पद्धतीचं’ असं असतं. दोन्ही उत्तरं जवळ जातात, पण त्यांत ‘ओल्ड’ तेवढं उरतं आणि ‘स्कूल’ गळून पडतं. सगळा अर्थ खरं तर त्या स्कूलमध्येच आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. इथलं स्कूल म्हणजे घंटा होते, हजेरी घेतात ती शाळा नव्हे. मूळ ग्रीक शब्द ‘स्खोले’, त्याचा पहिला अर्थ फुरसत, मोकळा वेळ. फुरसतीत चालणारी चर्चा, मग चर्चेची जागा, मग त्या जागी एका गुरूभोवती जमलेली माणसं, असा तो अर्थ सरकत गेला. लॅटिनमधून इंग्रजीत येईपर्यंत ‘स्कूल’ या शब्दाला दोन पाय फुटले होते: एक इमारतीकडे जाणारा, दुसरा अनुयायांच्या पंथाकडे जाणारा. ‘स्कूल ऑफ थॉट’, चित्रकारांचं अमुक स्कूल, तत्त्वज्ञांचं तमुक स्कूल, हे सगळे दुसऱ्या पायाने चालतात. आपला ‘ओल्ड स्कूल’ही तिकडचाच. माशांच्या थव्यालाही इंग्रजीत स्कूल म्हणतात, तो मात्र डच भाषेतून आलेला वेगळाच शब्द. उच्चार सारखा आणि स्पेलिंगही सारखं, म्हणून नवशिके दोघांची सांगड घालायला जातात आणि फसतात.

तेव्हा ‘ओल्ड स्कूल’ म्हणजे आधीच्या गुरूंकडे, आधीच्या शिस्तीत तयार झालेल्या लोकांचा गट. अठराव्या शतकाच्या मध्यापासून हा प्रयोग इंग्रजीत आहे आणि सुरुवातीला त्यात लाड किंवा कौतुक फारसं नव्हतं. एखाद्या व्यवसायात, राजकारणात किंवा धर्मात नवा विचार आला की आधीच्या विचाराला धरून बसलेले ते जुन्या स्कूलचे. हे नाव किती गंभीरपणे घेतलं जाई, याचं स्पष्ट उदाहरण अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चचं. १८३७ साली ते चर्च फुटलं आणि दोन तटांची नावंच ओल्ड स्कूल आणि न्यू स्कूल अशी पडली. वाद होता धर्मसिद्धांतांचा, धर्मजागृतीच्या नव्या मेळाव्यांचा, चर्चचा कारभार कुणी चालवायचा याचा, आणि पोटात गुलामगिरीचा प्रश्न होताच. उत्तरेतले तट पुन्हा एक व्हायला १८६९ साल उजाडावं लागलं. अमेरिकेतले होमिओपॅथही त्या शतकात प्रस्थापित वैद्यकाला ओल्ड स्कूल म्हणत, आणि ते कौतुकाने नक्कीच म्हणत नसत.

कौतुकाची छटा आली ती ‘जंटलमन ऑफ द ओल्ड स्कूल’ या जोडीतून. बाई खोलीत आली की उठून उभा राहणारा, दिलेला शब्द पाळणारा, पत्राचं उत्तर स्वतःच्या हाताने लिहिणारा गृहस्थ. त्याची मतं कालबाह्य असतील, पण वागण्याला एक रीत आहे आणि ती कुणीतरी शिकवलेली आहे, हे त्या शब्दांत गृहीत आहे. फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिशमध्ये याच अर्थाने ‘जुन्या स्कूलचा’ असंच म्हणतात. डच लोक ‘जुन्या शिक्क्याचा’ म्हणतात, तो आपल्या ‘जुन्या छापाचा’ला जवळचा.

विसाव्या शतकात या शब्दाला नवा जन्म मिळाला तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात. ११ ऑगस्ट १९७३ला १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीत डीजे कूल हर्कने आपल्या बहिणीसाठी जी पार्टी वाजवली, तिथून हिपहॉपची गोष्ट सांगायची रीत आहे. त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. गाण्याच्या तबकडीत मधेच गायन आणि बाकीची वाद्यं थांबतात आणि काही सेकंद फक्त ताल उरतो, त्याला ब्रेक म्हणतात. नाचणारे त्याच तुकड्याची वाट बघत. हर्क एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवायचा. पहिलीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवरचा सुरू करायचा, आणि ती वाजत असताना पहिलीची सुई मागे आणून ठेवायची. काही सेकंदांचा तुकडा असा मिनिटंच्या मिनिटं चाले. यात बिघडायचं ते सुई ठेवण्यात. अंदाजाने टेकवली की ठोका हुकणार आणि नाचणारा अडखळणार. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅश या दुसऱ्या डीजेने तबकडीवर रंगीत खडूने खूण करायला सुरुवात केली. ती खूण घड्याळाच्या काट्यासारखी वाचायची, इतके फेरे मागे फिरवलं की ब्रेकचा पहिला ठोका सुईखाली येतो. हात तबकडीवर, कान एका बाजूच्या हेडफोनला, नजर खुणेवर.

१९८३-८४मध्ये रन-डीएमसी या रॅप गटाने ड्रम मशीनचा कोरडा, कडक ठोका आणला आणि त्या बाजाला न्यू स्कूल म्हणू लागले. मग त्याआधीचं सगळं आपोआप ओल्ड स्कूल झालं. फ्लॅशचा जन्म १९५८चा. ऐंशीचं दशक सरेपर्यंत, म्हणजे जेमतेम तिशीत, तो जुन्या पठडीचा मानकरी होऊन बसला. स्पेलिंगमध्ये ‘सीएच’च्या जागी ‘के’ घालून लिहिलेलं स्कूल याच वळणावर रुजलं, आणि हे विशेषण मिरवण्याचं झालं. आज मराठी मुलाच्या तोंडी येणारा ‘ओल्ड स्कूल’ अठराव्या शतकातल्या पंथापेक्षा या ब्राँक्समधल्या पंथाच्या जास्त जवळ आहे.

इथे या शब्दाचा स्वभाव उघड होतो. स्वतःच्या काळात कुणीच ओल्ड स्कूल नसतो. नवं आल्याशिवाय जुन्याला नावच मिळत नाही. आपल्याकडे सगळ्या कोंबड्या उकिरड्यावर चरत होत्या तोवर कोंबडी ही नुसती कोंबडी होती, पोल्ट्रीतली आली तेव्हा ती ‘गावठी’ झाली. तेल घाण्यावरच निघायचं तोवर ‘लाकडी घाण्याचं’ असं म्हणायची कुणाला गरज पडली नाही.

आता वापराकडे येऊ, कारण चुका तिथेच होतात. इंग्रजीत हा शब्द चार प्रकारे बसतो. पहिला, नामापुढे विशेषण म्हणून: ओल्ड-स्कूल बार्बर, ओल्ड-स्कूल टीचर. लिहिताना दोन शब्दांमध्ये जोडरेघ हवी. ती गाळली तर ‘ओल्ड स्कूल टीचर’चा अर्थ ‘म्हातारे शाळामास्तर’ असाही होऊ शकतो. दुसरा, क्रियापदानंतर: ही इज ओल्ड स्कूल. इथे रेघ बहुधा गाळतात, आणि ‘ॲन’ किंवा ‘द’ अजिबात लागत नाही. आपल्याकडे ‘ही इज ॲन ओल्ड स्कूल’ असं सर्रास ऐकू येतं. त्याचा शब्दशः अर्थ होतो, ते गृहस्थ एक जुनी शाळा आहेत. तिसरा, ‘ऑफ द ओल्ड स्कूल’. इथे ‘द’ वगळून चालत नाही, आणि सूर थोडा भारदस्त होतो. चौथा, बोलीतला: गो ओल्ड स्कूल, म्हणजे या वेळेपुरतं जुन्या रीतीने करू, नकाशा कागदावर बघू, हिशेब वहीत मांडू.

दोन खड्डे आणखी आहेत. ‘माय ओल्ड स्कूल’ म्हटलं की अर्थ फिरतो, ती मी शिकलो ती शाळा. आणि ‘ओल्ड स्कूल टाय’ हा तर वेगळाच प्रकार. ब्रिटनमधल्या श्रीमंत खासगी शाळांचे पट्ट्यापट्ट्यांचे टाय असतात. त्या टायच्या ओळखीवर नोकऱ्या आणि पदं वाटण्याच्या रिवाजाला ते नाव पडलं. तिथे शाळा ही खरोखरची शाळा आहे, आणि शब्दात कौतुकापेक्षा वशिल्याबद्दलची चीड जास्त आहे.

या शब्दाच्या भावंडांशी गल्लत करू नये. ‘आउटडेटेड’ म्हणजे मुदत संपलेलं, त्यात आदर शून्य. ‘व्हिंटेज’ म्हणजे वस्तू खरोखर त्या काळातली, आणि त्या काळातलीही निवडक. मूळचा तो द्राक्षाच्या हंगामाचा शब्द. ‘रेट्रो’ म्हणजे वस्तू आजची, रूप कालचं. १९६५ साली बनलेला रेडिओ व्हिंटेज, त्याच्यासारखा दिसणारा पण ब्लूटूथवर चालणारा रेडिओ रेट्रो. आणि रोज सकाळी ठरल्या वेळी खुंटी पिळून आकाशवाणीच्या बातम्या ऐकणारा माणूस ओल्ड स्कूल. व्हिंटेज आणि रेट्रो हे शब्द वस्तूंना लागतात. ओल्ड स्कूल लागतो तो मुख्यतः रीतीला, आणि रीत पाळणाऱ्या माणसाला.

‘ओल्ड फॅशन्ड’ मात्र थोडा थांबून बघावा असा आहे. फॅशन हा शब्द लॅटिनमधल्या ‘करणे, घडवणे’ या धातूतून आला. म्हणजे मुळात ओल्ड फॅशन्ड म्हणजे जुन्या घडणीचं. मराठीत ‘ओल्ड फॅशन’ म्हटलं की नाक मुरडलं जातं, पण इंग्रजीत याच नावाचं एक पेय आहे आणि त्याच्या नावात सगळा इतिहास बसला आहे. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या वर्तमानपत्राने कॉकटेल म्हणजे काय ते छापून सांगितलं: कुठलंही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे कडू मुळ्यासालींचा अर्क. पुढे बारवाले त्यात नाना लिकर, म्हणजे गोड, स्वादाची मद्यं, घालू लागले. तेव्हा जुने गिऱ्हाईक सांगू लागले, मला कॉकटेल जुन्या रीतीने द्या. एकोणिसावं शतक संपता संपता ती मागणीच पेयाचं नाव झाली. कृती अशी: एक साखरेचा खडा, त्यावर बिटर्सचे दोन-तीन झटके, चमचाभर पाणी, खडा पूर्ण विरघळेपर्यंत ढवळणं, मग ६० मिली व्हिस्की, एक मोठा बर्फाचा तुकडा आणि वरून संत्र्याच्या सालीचा पीळ. बर्फ मोठाच हवा, कारण बारीक चुरा पटकन वितळून पेय पाणचट करतो. साखर आधी विरघळवायची, कारण मद्यात ती नीट विरघळत नाही आणि तळाशी कचकच राहते. अमेरिकेतल्या दारूबंदीनंतर, म्हणजे १९३३नंतर, याच पेयात चेरी आणि संत्र्याच्या फोडी कुटून घालायची टूम आली, आणि जुन्या रीतीचं म्हणून नाव असलेलं पेय पुन्हा एकदा जुन्या रीतीने मागावं लागलं.

इथून एक कसोटी हाती येते. कुणी ओल्ड स्कूल म्हणालं की विचारावं, कुठली पायरी राखली आहे? पायरी सांगता आली पाहिजे, आणि ती गाळली तर काय बिघडतं हेही सांगता आलं पाहिजे. गोंदवण्याच्या कलेतही ओल्ड स्कूल म्हणून एक शैली आहे. होनोलुलूत खलाशांच्या अंगावर नांगर, चिमण्या आणि गुलाब गोंदवणारे नॉर्मन कॉलिन्स, म्हणजेच सेलर जेरी, हे तिचं सर्वांत परिचित नाव. काळी जाड रेघ आणि मोजके तीन-चार रंग ही तिची ओळख. जाड रेघ ही नुसती आवड नव्हती. कातडीत गेलेली शाई वर्षानुवर्षं हळूहळू पसरते. बारीक रेघा एकमेकींत मिसळून चित्राचा डाग होतो, जाड बाहेररेघ मात्र वीस वर्षांनीही चित्र धरून ठेवते.

हीच कसोटी तुपाच्या बरणीला लावून बघा. ‘पारंपरिक पद्धतीचं’ असं लिहिलेल्या बरणीत नक्की काय असायला हवं? साय साठवताना पहिल्याच दिवशी तिच्यात चमचाभर दही, म्हणजे विरजण. आठवडाभर साय थंड जागी, शेवटची रात्र बाहेर, आठ-दहा तास, म्हणजे ती नीट आंबते. सकाळी गार पाणी घालून घुसळायची. लोणी दाण्यादाण्याने सुटतं आणि मग एकदम गोळा धरतं. उन्हाळ्यात पाणी पुरेसं गार नसेल तर लोणी गोळाच होत नाही, ताकावर मऊ पातळ थर होऊन तरंगत बसतं. गोळा काढून दोन-तीन पाण्यांनी धुवायचा, शेवटचं पाणी जवळपास निवळ दिसेपर्यंत. धुणं ही सगळ्यांत जास्त गाळली जाणारी पायरी. ताकाचा अंश राहिला की तो कढवताना तळाशी लागतो, तूप आंबूस वास धरतं आणि फार टिकत नाही.

मग जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर कढवणं. सुरुवातीला पांढरा जाड फेस आणि मोठी तडतड, ते लोण्यातलं पाणी निघून जात असतं. तडतड मंदावते, फेस बारीक होतो, तळाची बेरी पांढरट होती ती बदामी होऊ लागते. आवाज थांबला आणि बेरी बदामी झाली की लगेच आच बंद, कारण भांड्याच्या उष्णतेने ती आणखी एक छटा पुढे जातेच. कुणी याच वेळी नागवेलीचं पान टाकतात. आच मोठी ठेवली तर बेरी काळी पडते आणि तूप कडवट होतं. घाईने लवकर उतरवलं तर पाण्याचा अंश राहतो आणि आठ-पंधरा दिवसांत वास बदलतो. घरच्या एक किलो लोण्यातून साधारण पाऊण किलो तूप हाती लागतं, बाकीचं पाणी आणि बेरी.

आता साय न विरजता थेट कढवली तर? तूप होतंच. पण बेरी ढीगभर निघते, आणि वास येतो तो आटवलेल्या दुधाचा. विरजणातले जिवाणू सायीत आंबट आणि लोणकढा गंध तयार करतात, तो या तुपात नसतो. म्हणून बरणीवरच्या ‘पारंपरिक’ या शब्दाने काहीच कळत नाही. ‘विरजणाच्या लोण्याचं’ या शब्दांनी सगळं कळतं. विकणाऱ्याने हे लिहावं आणि घेणाऱ्याने विचारावं, असं फार वाटतं.

मग ओल्ड स्कूलला मराठीत म्हणायचं काय? शब्द पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचा सूर वेगळा आहे. जुनाट आणि बुरसटलेला हे शिव्यांच्या जवळचे. सनातनी धर्मापुरता. कर्मठ म्हणजे सोवळ्याओवळ्यात आणि विधींत कडक. इथे हिंदी वाचणाऱ्याने जपावं, कारण हिंदीत कर्मठ म्हणजे कामाला वाघ, ती स्तुती आहे. ‘जुनं खोड’ हे माणसापुरतं, आणि त्यात आपुलकी व धाक दोन्ही. ‘पारंपरिक’ छापील, थंड, कशालाही चिकटणारं. ‘जुन्या चालीचा’ चालेल, पण तो आता कमी ऐकू येतो. ओल्ड स्कूलच्या खऱ्या शेजारी बसतात ते दोन, ‘जुन्या पठडीतला’ आणि ‘जुन्या वळणाचा’. पठडी म्हणजे शिकवण्या-शिकण्याची ठरलेली वाट. म्हणून ती कलांना, अभ्यासाला, धंद्याला जास्त शोभते: जुन्या पठडीतले वैद्य, जुन्या पठडीतले संपादक. वळण माणसाच्या वागण्याला, घराला, अक्षराला.

गाण्यात आपण यासाठी ‘घराणं’ म्हणतो, आणि स्कूल या शब्दाचा पंथाचा अर्थ मराठीत इतका भरून कुठेच आलेला नाही. त्यातही ब्राँक्समधलीच गोष्ट पुन्हा दिसते. उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचा आवाज तरुणपणी अतिगाण्याने बसला. बदललेल्या आवाजाला झेपेल, शोभेल अशी गायकी त्यांनी नव्याने रचली: अप्रचलित आणि जोडराग, आणि मात्रेमात्रेला धरून पुढे सरकणारी लयीची गुंफण. शाहू महाराजांच्या आश्रयाने ते कोल्हापूरला राहिले, पुढे मुंबईला. गोव्याहून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी ती गायकी घेतली. आज जयपूर-अत्रौली, म्हणजे अल्लादिया खाँ यांचं घराणं, म्हटलं की आपल्याला जुनं, कडक शिस्तीचं गाणं आठवतं. ते गाणं आपल्या काळात नवं होतं, एका अडचणीतून सुचलेलं उत्तर होतं. जुनी पठडी म्हणजे बहुतेक वेळा पूर्वी कुणीतरी काढलेली आणि पुढच्यांनी नीट सांभाळलेली नवी वाट.

वळण या शब्दाची एक दुखरी बाजूही आहे, ती टाळून पुढे जाता येणार नाही. लग्नाच्या बोलण्यांत ‘आमच्याकडे जरा जुन्या वळणाचं आहे हं’ असं मुलाकडचे सांगतात. त्याचा उलगडा असा असतो: सुनेने कामावरून आली तरी स्वयंपाक बघायचा, सणावाराला रजा टाकायची, पगाराचं सासऱ्यांना विचारायचं. इंग्रजीतही ‘ही इज अ बिट ओल्ड स्कूल’ हे वाक्य बायकांशी तुच्छतेने वागणाऱ्या वरिष्ठावर पांघरूण घालायला वापरतात. दोन्हीकडे शब्दाचा दुरुपयोग सारखाच आहे. रीत सांगितली जाते ती फक्त दुसऱ्याने पाळायची. ‘जुन्या वळणाचा’ हे ज्याने स्वतःवर शिस्त घेतली त्याचं विशेषण. दुसऱ्यावर लादणाऱ्यासाठी मराठीत ‘हेकेखोर’ असा चांगला, स्वच्छ शब्द आहे, तो वापरावा.

आणि आता वळण. लाडू वळतात, वाती वळतात, मोदकाची पारी हाताने वळवून कळ्या काढतात. जमलं नाही की म्हणतात, हात वळत नाही. मूल बिघडलं की ‘वळण नाही’, मुलगी आईसारखी निघाली की ‘आईच्या वळणावर गेली’, आणि ‘वळणाचं पाणी वळणावर’ ही म्हण तर सगळ्यांना पाठ. पण या शब्दाचं खरं घर अक्षरात आहे. मोडी लिपीत अक्षरांच्या शैलींना वळणंच म्हणतात, आणि त्यांना नावं आहेत: चिटणिशी, बिवलकरी, रानडी. मोडी लिहिताना आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं एकमेकांना जोडत, शब्द न तोडता लिहीत जायचं. कागद वाचणारा जाणकार मजकुराआधी वळण ओळखतो, म्हणजे लिहिणारा कुणाच्या हाताखाली शिकला ते ओळखतो. ‘जुन्या स्कूलचा’ याचं मराठी ते हेच.

ते वळण येई बोरूतून, म्हणजे कांडी तासून केलेल्या लेखणीतून. चांगली वाळलेली, टणक बोरूची कांडी वीतभर लांब घ्यायची. धारदार चाकूने एक टोक लांब तिरपं कापायचं, आतला मऊ गर खरवडून काढायचा. गर राहिला तर तो शाई पितो आणि मधेच थेंब सोडतो. दोन्ही कडा तासून हवी तेवढी रुंदी आणायची, मधोमध छोटी चीर द्यायची म्हणजे शाई टोकापर्यंत उतरते. चीर लांब झाली तर दाब दिल्यावर टोक फाकतं आणि एका रेघेच्या दोन रेघा उमटतात. शेवटी टोक कठीण पृष्ठभागावर ठेवून एकाच दाबात छाटायचं. दोन-तीनदा कुरतडलं तर कड दातेरी होते. देवनागरीसाठी ही छाट ज्या बाजूला तिरपी असते, तिच्या उलट बाजूला रोमन लिपीसाठी असते, म्हणून इंग्रजी सुलेखनाची निब घेऊन देवनागरी लिहायला बसलं की जाड-बारीक रेघा चुकीच्या जागी पडतात आणि कारण कळत नाही. शाई काजळ आणि बाभळीच्या डिंकाची, पाण्यात खूप वेळ खलून केलेली. डिंक कमी पडला तर वाळलेलं अक्षर बोटाने पुसलं जातं, जास्त झाला तर शाई चिकट होऊन तडकते.

मग कित्ता. शिकवणारा कागदाच्या वरच्या बाजूला एक ओळ लिहून देतो, शिकणारा खाली तीच गिरवत जातो. यात बहुतेकांची एकच चूक होते आणि ती पंधराव्या ओळीला दिसते. पहिली ओळ गुरुजींची बघून लिहिलेली असते, दुसरी लिहिताना नजर नकळत जवळच्या, म्हणजे स्वतःच्या पहिल्या ओळीवर जाते, तिसरी लिहिताना दुसरीवर. ‘ळ’ची गाठ केसभर ढिली झालेली असते, ती प्रत्येक ओळीत आणखी केसभर ढिली होते, आणि खालपर्यंत येताना अक्षर वेगळंच होऊन बसतं. उपाय सोपा आहे. एक कोरा कागद घ्यायचा, ओळ लिहून वाळली की आपली ओळ झाकायची, आणि पुढची लिहिताना फक्त सगळ्यात वरची उघडी ठेवायची.